काही अडले तर विचारा

मित्रांनो, मी एका वेबसाइटच्या तळाशी असलेली अभिप्रायाची चौकट आहे. आता जुनी झाले, पण अजून उघडी आहे.

माझे मालक शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री. हात थरथरू लागल्यावर त्यांनी दुकान बंद केले, तेव्हा सुनेने त्यांना ही वेबसाइट करून दिली आणि माझ्यावर लिहिले, 'काही अडले तर विचारा.' धागा का तुटतो, पट्टा का घसरतो, असे चारदोन प्रश्न रोज येत. मिस्त्री सावकाश उत्तरे लिहीत, सोबत समजावणारी चित्रे टाकत. लोक आभार मानत, आणि माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

मग स्पॅम सुरू झाला. केस उगवणारी तेले, न काढलेल्या लॉटरी तिकिटांची बक्षिसे. एका सकाळी तीनशे मेसेज आले आणि खरे प्रश्न त्यांत गाडले गेले. त्यातच एकजण रोज शिव्या लिहू लागला. मिस्त्रींनी रागाने उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी शिव्या दुप्पट झाल्या. मिस्त्रींना जेवण जाईना. त्यांनी सुनेला मला बंद करायला सांगितले.

ती म्हणाली, "बाबा, बंद कशाला? आधी तपासू, मग छापू."

तिने प्रत्येक मेसेज अडवून ठेवायची सोय केली. पाठवण्याआधी एक प्रश्नही ठेवला, 'सुईत काय ओवतात?' तेलवाल्यांची आपोआप मेसेज पाठवणारी यंत्रे तिथेच अडखळली. मग ती शिव्या पुसायला बसली.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "मशीनचं काय म्हणतोय, ते बघू दे."

शिव्यांच्या मध्ये एकच ओळ कामाची होती. 'तुमच्या चित्राप्रमाणे सुई बसवली आणि आईच्या मशीनच्या शटलचं, खालचा दोरा धरणाऱ्या भागाचं, टोक मोडलं.' मिस्त्रींनी जुने चित्र उघडले. सुईची सपाट बाजू उलटी दाखवली होती. मग त्यांनी चित्र बदलले आणि खाली लिहिले, 'चूक माझी होती.' शिव्या मात्र पुसायला लावल्या.

आठ दिवसांनी त्या माणसाचा मेसेज आला. माफी नव्हती. एवढेच होते, 'नवीन शटल कोणत्या मापाचं आणू?'

मिस्त्रींनी माप कळवले.

मित्रांनो, माझ्यात लिहाल तेव्हा पलीकडे वाचणारा माणूस आहे, हे ध्यानात ठेवा. आणि माझी झाडलोट करणाऱ्यांनो, शिवी खुशाल पुसा. फक्त त्याआधी तिच्यातली तक्रार तेवढी वाचून घ्या.