चोवीस चौकोनांतलं लाल बटण

"ताई, ह्याच्यात आमच्या प्रेसचं बटण कुणी बसवलं?"

दौलतराव पडद्याच्या इतके जवळ गेले होते की त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत तो लाल ठिपका दिसत होता. मी म्हटलं, "मीच."

"तुमी?" त्यांनी मान मागे घेतली. "इमर्जन्सी हाय की ही. सेम टु सेम. वरचा उजेडसुदा पडलाय."

तो उजेड म्हणजे बटणाच्या डाव्या खांद्यावर ठेवलेले दोन पांढरे चौकोन. त्या दोन चौकोनांसाठी मी रविवारची अख्खी दुपार घालवली होती. ते पाहणारा माणूस गुरुवारीच भेटला.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. चिंचवड स्टेशनकडून गावठाणाकडे येताना डाव्या हाताला आमचा गाळा होता. आधी तिथे एस.टी.डी. बूथ होता, मग मी चार कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे केला. त्याआधी बावीस वर्षं मी पिंपरीच्या एका कारखान्यात ट्रेसर होते. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायचं, एवढंच काम. स्वतःचं काही काढायचं नाही. उन्हाळ्यात खिडकीतलं ऊन त्या कागदातून दुधासारखं होऊन हातावर पडायचं, आणि अशा वेळी वाटायचं, आपण कागदाच्या आतच बसलोय. पुढे तिथेही कॉम्प्युटर आले. आमच्या उतरत्या टेबलांची रांग एका दिवसात हलली, आणि आम्ही सात जणी घरी आलो.

माझी भाची वर्षाली कॉम्प्युटर शिकलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने एका सीडीवरून नवा ब्राउझर आणला आणि चारही मशीनवर टाकला.

"हा फुकट आहे आत्या. आणि उघडा आहे."

"उघडा म्हणजे?"

"म्हणजे ज्यांनी केला त्यांनी कुलूप लावलेलं नाही. आतलं सगळं बघता येतं, बदलता येतं. याचं रूप आवडलं नाही तर आपलं दुसरं चढवायचं."

"आणि त्यांना चालतं ते?"

"अगं, त्यासाठीच तर ठेवलंय."

त्याचं नावसुद्धा ठरत नव्हतं. आधी एका पक्ष्याचं होतं, मग दुसऱ्या पक्ष्याचं, आणि आमच्याकडे आला तेव्हा कोल्ह्याचं. बारशाला आलेल्या बायकांचं एकमत होऊ नये तसं. मला तेही आवडलं होतं. अजून घडत असलेली वस्तू होती ती.

वर्षालीने मला त्याच्या आतली एक फाईल उघडून दाखवली. एक लांब पट्टी, आणि तिच्यात वरची सगळी बटणं एका ओळीत. मागे, पुढे, थांबा, पुन्हा आणा, घर. प्रत्येक बटण तीनदा काढलेलं. एकदा साधं, एकदा माउस वर आल्यावर उजळलेलं, आणि एकदा मंद, म्हणजे त्याची वेळ आलेली नसतानाचं. पट्टी मोठी करून पाहिली तर सगळे चौकोनच. आडवे चोवीस, उभे चोवीस. मी ग्राफ पेपर काढला.

चित्रं कुणासाठी काढायची हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी भोसरीपासून चाकणपर्यंतची कामगार माणसं कॅफेत यायची. मोठाल्या मशीन हाताळणारे हात ते, पण माउस अंडं धरल्यासारखा धरायचे. करड्या बाणांवर आणि फुल्यांवर त्यांचा विश्वास बसत नसे. म्हणून 'पुन्हा आणा'साठी मी लेथचा गरगर फिरणारा चक काढला, तीन जबड्यांचा. 'घर' म्हणून चाळीतली खोली, दोन पायऱ्या आणि पत्रा. आणि 'थांबा'साठी प्रत्येक मशीनवर असतं ते लाल गोबऱ्या टोपीचं बटण, जे दाबलं की मशीन जिथल्या तिथे थांबते. वर्षालीने ती पट्टी आत बसवली. पडदा उजळला आणि वरच्या कडेला माझी चित्रं ओळीने उभी राहिली. बावीस वर्षांत मी गिरवलेल्या हजारो रेघांपैकी एकही माझी नव्हती. ही माझी होती.

आज माझ्या फोनमध्ये सगळं एकसारखं करडं असतं. कुठलं बटण कुणी काढलं, कळतही नाही. डोळे मिटले की मला ती पट्टीच दिसते. तिचे रंग उन्हात वाळत घातल्यासारखे फिके होत जातात, लाल तेवढा तसाच राहतो.

तर, दौलतराव. मूळ उमरग्याकडचे, भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर. मुलगी पूनम मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स. दर गुरुवारी ते यायचे, दाराशी चपला काढायचे आणि दोन नंबरच्या मशीनवर बसून तिची मेल वाचायचे. उत्तर स्वतः लिहायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटाने. बाकी माणूस मोजकं बोलणारा. मला म्हणाले होते, "घरात माजं एकच हाय. पटलं तर व्हय म्हणतो, न्हाई पटलं तर गप बसतो."

त्या गुरुवारी नवं बटण पाहून झाल्यावर त्यांनी मेल उघडली आणि ओळींवर बोट फिरवत दोनदा वाचली. मग मला बोलावलं.

"वाचा जरा. मला बराबर कळलंय का बगा."

पूनमने लिहिलं होतं, तिचं कंत्राट संपतंय. पुढच्या तीन वर्षांसाठी सही करायची तर शनिवारपर्यंत. तळेगावच्या एका दवाखान्यात जागा आहे असं मैत्रीण सांगते. 'बाबा, मला यावंसं वाटतं. पण तुम्ही म्हणाल तसं. फोन करू नका, आई रडते मग मला सुचत नाही. लिहून कळवा.'

"बरोबर कळलंय तुम्हाला," मी म्हटलं. "मग?"

"मग काय. माजी पोरगी हाय ती."

पंधरा मिनिटं ते एका बोटाने टाइप करत होते. चारही मशीन भरलेल्या, बाकड्यावर आणखी तिघं. त्या गर्दीत इंटरनेटची लाईन मुंगीच्या चालीने चालायची. झाल्यावर त्यांनी पुन्हा बोलावलं. "अर्थ लागतोय का बगा, मग सोडतो."

पडद्यावर तीन ओळी होत्या. 'ये. तुझ्या आईला अजून सांगत नाही, तू एकदम दारात उभी राहा. मी स्टेशनला येतो.'

"लागतो," मी म्हटलं. तेवढ्यात चार नंबरवरच्या पोरीने प्रिंटसाठी हाक मारली आणि मी तिकडे वळले. मागून दौलतराव चपला घालताना दिसले. आज चालण्यात वेगच निराळा होता. बाकड्यावरच्यांना म्हणाले, "बसा राव, झालं माजं."

पुढच्या गुरुवारी अकराच्या सुमारास आले ते दाढी करून, पांढरा शर्ट घालून. मेल उघडली. मी गल्ल्याशी होते. मी वर पाहिलं, तर ते पडद्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते.

मी जवळ गेले. पूनमने लिहिलं होतं, 'बाबा, शनिवारी रात्रीपर्यंत वाट पाहिली. तुमचं उत्तर आलं नाही. तुमचं गप्प बसणं मला कळतं. सही केली. तुम्ही काळजी करू नका.'

"पाठवलं होतं की," दौलतराव म्हणाले. "तुमच्यासमोर लिवलं."

पाठवलेल्या पत्रांची यादी मी उघडली. खाली त्याच्या आधीच्या गुरुवारचं पत्र होतं. 'ये' लिहिलेलं ते नव्हतं.

"सेंड दाबलं होतं ना?"

"दाबलं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर लाल दाबलं आन् उठलो." मग ते समजावून सांगू लागले, नव्या ऑपरेटरला सांगावं तसं. "चालू मशीन सोडून उठायचं नसतंय ताई. काम झालं की लाल दाबायचं, मग जागा सोडायची. अट्ठावीस वर्षं झाली. डोळे झाकून हात जातोय."

"लगेच दाबलंत?"

"लगेच. लोक बसलेले."

पत्र त्या मंद लाईनीवरून निघालंही नव्हतं, आणि त्यांनी ते जागच्या जागी थांबवलं होतं. आधी त्या जागी करडी फुली होती. तिला कुणी कधी हात लावला नव्हता.

मी त्यांना सांगितलं. ते बटण मशीन बंद करत नाही, चाललेलं काम अर्ध्यात तोडतं. मी ते तसं काढायला नको होतं. दौलतरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"बटण खरं काढलंत म्हणून दाबलं गेलं," ते म्हणाले. "वाईट काढलं असतं तर हात गेला नसता."

"तिला लिहा ना. असं असं झालं म्हणून. मी लिहिते हवं तर, माझ्या नावाने."

"सही झालीया."

"सही मोडता येत असेल. विचारायला काय हरकत?"

"पासपोर्ट दवाखान्याकडं असतोय ताई. आता 'मी ये म्हटलं होतं' असं लिवलं तर काय करंल ती? तीन वर्षं तेच घोळत बसंल. हिकडं मन आन् तिकडं पेशंट. मी गप बसलो असं तिला वाटलं. राहू द्या तसंच. त्यानं ती घट्ट ऱ्हाईल."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला घेतलं. या वेळी वाचायला बोलावलं नाही, पण मला दिसलं. 'बरं केलंस. जेवत जा.' सेंड दाबलं. वरच्या कोपऱ्यातला, काम चालू असल्याचा छोटा गोल फिरत राहिला. बाकड्यावरचा एक जण उठून मागे येऊन उभा राहिला. दौलतरावांनी मान न वळवता हाताने त्याला थांबवलं. गोल थांबला, पत्र गेल्याची ओळ आली. ती त्यांनी एक एक अक्षर लावून वाचली आणि मग जागा सोडली.

"तिकडं आता किती वाजले असतील?"

"दीड तास मागे आहे मस्कत. म्हणजे दहा वाजून गेलेत."

"दोनला सुटती ती. सुटली की पयलं तेच बगती." त्यांनी दाराजवळची प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला लावून घेतली. "बसू का हितं? कुणाला अडचण न्हाई ना?"

"बसा ना."

मी एक नंबरच्या मशीनवर ती पट्टी उघडली. लाल चौकोन एकेक करून पुसले आणि तिथे पुन्हा करडी फुली आणून ठेवली. मग दुसऱ्या मशीनवर, गिऱ्हाईक उठलं तसं तिसऱ्या, चौथ्या. दौलतराव खुर्चीतून बघत होते.

"राहू द्यायचं व्हतं," ते म्हणाले. "चांगलं जमलं व्हतं."

मी नाही म्हणून मान हलवली. शाईची रेघ ब्लेडने खरवडली की कागदावर तेवढी जागा खरखरीत राहते, बोट फिरवलं तर कळते. इथे काहीच राहिलं नाही.

दुपार सरत गेली. गर्दी ओसरली. रस्त्यावरचं ऊन शटरच्या खालून आत आलं आणि त्यांच्या अनवाणी पायांवर पसरलं. मी चहा मागवला, त्यांनी अर्धाच घेतला. मधेच ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि पुन्हा रस्त्याकडे बघत.

साडेतीन वाजले, म्हणजे तिकडचे दोन. आणखी थोडा वेळ त्यांनी जाऊ दिला, तिला खोलीवर पोचायला, कपडे बदलायला लागेल तेवढा. मग उठले, खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली.

"आता वाचलं असंल," म्हणाले, आणि चपला घालून गेले.