गव्हाचा मामा

ग्वाल्हेरची फौज मोडली तेव्हा सलामीच्या तोफा उडवणारे जयसिंहराव शेतीखात्यात सामावले गेले. बारुदीचा अनुभव आहे, फवारणीही जमेल, असं वर कुणाला तरी वाटलं. त्यांचा एक बँडवाला मित्र तर पशुवैद्यकीय दवाखान्यात लागला होता, त्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही.

मुरारपलीकडच्या बियाण्याच्या फार्मवर ते पाठीला पंप बांधून तणावरचं विलायती औषध मारत. गव्हाला त्याचं काही होत नसे. गव्हात उगवणारा चाकवत मात्र चार दिवसांत पिळवटून मरे. शिंदे की छावनीतल्या घरी त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई कुरकुरत, "तुमचं औषध माझ्या कढईत शिरलं हो. ताकातली भाजी म्हणून काही राहिली नाही."

चौथ्या हिवाळ्यात शेत असं दाटलं की फार्मचे साहेब, रमाकांत, बांधावरच खूष झाले.

"वा, जयसिंहराव! काय गहू आलाय!"

"साहेब, यातला निम्मा गहू नाही."

"मग काय ज्वारी आहे?"

"मामा आहे."

गव्हासारखंच दिसणारं ते गवत. इकडे त्याला गव्हाचा मामा म्हणतात. लोंबी बाहेर पडेपर्यंत भाचा कोण, मामा कोण, ओळखू येत नाही. जे औषध गव्हाला मारत नव्हतं, ते मामालाही मारत नव्हतं. आणि चाकवत गेल्यामुळे मामाला रान मोकळं मिळालं होतं.

"काढून टाका मग."

"ओळखून उपटेपर्यंत बी झडेल. उरलेलं गव्हाबरोबर पोत्यांत जाईल आणि गावोगाव पेरलं जाईल. सगळं शेत हिरवं असतानाच कापू या, गुरांना घालू या."

रमाकांतांचा आवाज खाली आला. "अहो, मध्यभारत जाऊन नवं राज्य झालंय. कोणते फार्म ठेवायचे ते बघायला भोपाळहून मोठे साहेब येताहेत. त्यांना काय दाखवू, गुरं? नोकरी जाईल. तुमची आधी."

जयसिंहराव घरी येऊन जेवले नाहीत. सुलोचनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या गावांनी तुमचं काय बिघडवलंय?"

"काहीच नाही."

"मग कापा."

रमाकांत स्टेशनवर साहेबांना आणायला गेले आणि इकडे विळे चालले. बांधाकडेच्या मामाच्या चार लोंब्या आधीच पिकल्या होत्या. त्या पुरावा म्हणून जयसिंहरावांनी रुमालात बांधल्या.

मोठे साहेब उतरले. समोर स्वच्छ, मोकळी जमीन. रमाकांतांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"एक भी खरपतवार नहीं!" तणाचं एकही पातं नाही म्हणून साहेब थक्क झाले. "इतना साफ फार्म पूरे प्रदेश में नहीं देखा. कौन-सी दवा है?"

रमाकांतांनी औषधाचं नाव सांगितलं. ते दर जिल्ह्यात पाठवण्याचा हुकूम तिथल्या तिथे झाला.

"साहेब, गेहूँ भी नहीं है," जयसिंहराव म्हणाले. "दवा से मामा नहीं मरता. मैंने सब कटवा दिया."

"बड़े विनम्र आदमी हैं," साहेब रमाकांतांना म्हणाले.

जयसिंहरावांनी रुमाल सोडला, लोंब्या चोळल्या आणि दाणे साहेबांच्या तळहातावर ठेवले. "ये देखिए. यही बचता है. अगले साल सिर्फ यही बचेगा."

साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. "इतना-सा?" ते हसले आणि त्यांनी फुंकर मारली.

वारा होता. दाणे बांध ओलांडून शेजारच्या नांगरलेल्या रानात गेले.

जयसिंहराव गुडघ्यांवर बसले आणि ढेकळं उलटू लागले. मोटार सुरू झाली. "क्या गिर गया इनका?" साहेबांनी आतून विचारलं. रमाकांत खाली मान घालून म्हणाले, "कुछ नहीं सर."

अंधार पडेपर्यंत जयसिंहराव मातीच्याच रंगाचे दाणे मातीतून वेचत राहिले. सापडलेले त्यांनी टोपीत ठेवले. न सापडलेले पेरले गेले होते.