गावातली शेवटची निरक्षर

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. जाड कापड, वर काळा रंग, दोन्ही टोकांना लाकडी दांडे. साक्षरतेच्या मोहिमेचा जोर होता तेव्हा माझ्यासारखे ढिगाने तयार झाले आणि त्यातला मी धायरीच्या वाट्याला आलो. धायरी तेव्हा गावच होतं, पुण्यात आलेलं नव्हतं.

देवळाच्या सभामंडपात दुपारी बायकांचा वर्ग भरे. शिकवायला शनिवार पेठेतून सुहासिनीबाई बसने येत. वर्षभरात बायका वाचू लागल्या. माझंही कौतुक झालं, म्हणजे फोटो काढताना मला मधोमध टांगलं. मग बायकांना पुढचं हवं झालं: भागाकार, अर्ज लिहिणं, वर्तमानपत्र.

नेमका तेव्हा वरून नवा नियम आला. गावात एकही निरक्षर उरला नाही, की अनुदान बंद आणि वर्ग दुसऱ्या गावाला. शिकण्याचं बक्षीस म्हणून शिकवणं थांबवायचं, असा हा सरकारी जमाखर्च. मी फळा असूनही मला तो सुटला नाही.

गावात वाचता न येणारी एकच उरली होती, वर्गातली तुळजाबाई. तिच्या जिवावर सगळ्यांचा वर्ग चालू राहिला. लगेच तिचा भाव वाढला. खांबाला टेकायची जागा तिची, भाजलेल्या शेंगांची पहिली मूठ तिची.

बायडाबाई सगळ्यांदेखत म्हणे, "तू हाईस म्हणून वर्ग हाय. शिकू नगंस बाई!"

"बायडाबाई, मी शिकवायला येते हो, थोपवायला नाही," सुहासिनीबाई म्हणत.

सगळ्या गेल्या की मला पुसायला तुळजाबाई थांबे. पुसण्याआधी ती प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवी आणि ओठ हलवी. बोट माझ्याच अंगावरून फिरायचं, मला कळणारच. पण फळ्याला बोलता कुठे येतं?

असंच आणखी एक वर्ष गेलं आणि एक दिवस तपासणीला श्रीनिवास साहेब आले. त्यांनी माझ्यावर 'धायरी' लिहिलं आणि तुळजाबाईला उभं केलं. बायका निश्चिंत होत्या. बायडाबाई तर शेंगा सोलत होती.

तुळजाबाईने आधी बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धा... य... री. धायरी!"

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "अभिनंदन! गाव साक्षर झालं."

बायडाबाईने कपाळावर हात मारला. "दोन वर्सं गप बसलीस, आजच्याला काय झालं हुतं गं?"

"त्वांडात आलं. गिळू व्हय?"

हसावं की रडावं ते कुणाला कळेना. सुहासिनीबाई तेवढ्या साहेबांकडे वळल्या. "अहो, शाळेतली मुलं 'कमळ' वाचायला लागली, की आपण शाळेला कुलूप लावता का?"

"वरून तसंच आलंय, बाई," म्हणत साहेब मला खुंटीवरून काढू लागले. सरकारी वस्तू परत न्यायची होती.

तेवढ्यात तुळजाबाई पुढे आली. "सायेब, थांबा की. आता दुसरं कायतरी लिवा."

साहेबांनी खडू खिशात टाकला होता.

तेव्हापासून मी एका कचेरीत कपाटावर पडून आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याला ओल लागू देऊ नका, दांडे सैल झाले तर ठोकून घ्या. आणि कुणी आयुष्यातला पहिला शब्द वाचला, तर टाळ्या मागाहून वाजवा. आधी दुसरा शब्द लिहा.