आठवड्याला चार युनिटं

फ्रीजवरचं ताऱ्यांचं लेबल खरं की खोटं, हे तपासत दुकानोदुकानी फिरण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. दुकानदार मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे तारामती.

घरी माझा फ्रीज एक आणि माणूसही एकच. फ्रीजच्या प्लगला मी छोटा मीटर लावून ठेवलाय. खोड, दुसरं काय! लेबलावर वर्षाला दोनशे आठ युनिटं, म्हणजे आठवड्याला चार. माझा मीटर मात्र पाचाच्या खाली कधी आला नाही, कारण दर रविवारी धाकटा भाऊ त्याची दोन पोरं माझ्याकडे सोडायचा. ती दिवसभर फ्रीजचं दार उघडून उभी. मी ओरडायची, "दार लावा रे! वीज काय आभाळातून पडते?"

भाची शांतपणे म्हणायची, "पडतेच की, आत्या."

धाकट्याचं फ्रीजचंच दुकान. तपासणीच्या यादीत त्याचं नाव आलं, तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही राहू द्या, मी दुसऱ्या कोणाला पाठवतो." खरं तर तेच रीतीचं होतं. पण लोक म्हणतील, भावाला पाठीशी घातलं. "मीच जाते," मी म्हटलं. साहेबांनी हात जोडले.

दुकानातल्या तिसऱ्या फ्रीजच्या लेबलाचा कोपरा जरा वर आला होता. नखानं ओढला. पाच ताऱ्यांच्या खालून दोन तारे निघाले.

"ताई, बघितलं नाहीस असं समज," धाकटा हळूच म्हणाला.

"बघितलं ना पण."

"सगळेच करतात. तुला मीच सापडलो?"

"सगळ्यांनाच पकडते मी. विचार कोणालाही."

"मग रविवारी त्यांचीच पोरं बोलाव."

माझा हात थबकला. लेबल परत दाबलं असतं तर बसलंही असतं, अजून चिकट होतं. मग मी अहवाल लिहिला, अकरा फ्रीज सील केले. त्यानं माझ्याकडे न बघता सही केली.

त्याला सात रविवार झाले. फोन केला तर भावजय उचलते, "पोरांचा क्लास असतो हो ताई," म्हणते. मी केलं ते चूक, असं अजूनही वाटत नाही. पण घर खायला उठतं.

प्रयोगशाळेत फ्रीज रिकामा ठेवतात, दार एकदाही उघडत नाहीत आणि मग युनिटं मोजतात. म्हणून लेबलावरचा आकडा घरी जुळत नाही, हे मी गिऱ्हाइकांना सव्वीस वर्षं समजावत आले. घरात माणसं असतात ना, दार उघडायला.

आज सकाळी, त्या रविवारांनंतर पहिल्यांदाच, मीटर बघितला. आठवड्याची युनिटं चार. चष्मा पुसून परत बघितलं, तरी चारच. मला रडूच आलं.

मग उठले आणि फ्रीजचं दार सताड उघडलं. आत दुधाचं पातेलं आणि पोरांसाठी आणलेली चॉकलेटं. पायांवर गार हवा आली, मशीन घुरघुरायला लागलं.

"दार लावा रे!" मी जोरात ओरडले, आणि कोणी उलटून बोलतंय का, ते ऐकत उभी राहिले.