मोत्रियाच्या शेजारची रेघ

लाव्रिन ओपनासोविचला एका जागी बसवत नसे. पोल्तावाच्या जत्रांत फोटो काढत फिरला, लढाईत घोड्यांची चित्रं घेतली, मग ओदेसाच्या स्टुडिओत दिग्दर्शक झाला, तरी पाय थांबले नाहीत. बोलतानाही माझ्या रंध्याभोवती फेऱ्या मारायचा. मी तिथला सुतार. त्याच्या पाचही चित्रपटांतली घरं मीच उभी केली. चौथा वरच्यांनी नापास केला होता. पाचवाही पडला तर कॅमेरा हातातून गेलाच.

पाचव्यात लग्न होतं आणि लग्नाचा पाव, कोरोवाय. तो मळायला सातजणी लागतात, सगळ्या नवरा असलेल्या. भट्टी झाडायची ती कुरळ्या केसांच्या, बायको असलेल्या माणसानं. उसातोवे गावातून बायका आणल्या, तर सातवी विधवा निघाली. लाव्रिन म्हणाला, कॅमेऱ्याला काय कळतंय? बाकीच्या हात बांधून उभ्या राहिल्या. तेव्हा माझी मोत्रिया पुढं आली. ती कपडेपटात शिवायची. सुई छातीशी कापडात टोचून ठेवली, बाह्या सारल्या आणि पिठात हात घातला. केसांमुळे भट्टीपाशी मला उभं केलं. मळता मळता तिनं माझ्याकडे बघून हसून घेतलं. तसं करायचं नव्हतं. लाव्रिननं ते राहू दिलं.

दीड महिन्यानं ती तापात गेली.

तिला पुरून पंधरा दिवस झाले आणि लाव्रिन आला. निगेटिव्हवर ओरखडा पडला होता. मोत्रियाच्या शेजारून वरपासून खालपर्यंत रेघ. शुक्रवारी खार्किवहून कमिटी बघायला येणार. तो म्हणाला, दृश्य पुन्हा घ्यायचं. सहाजणी त्याच, सातवी नवी. भट्टी मीच झाडायची, कारण पुढच्या दृश्यात जवळून मीच दिसतो.

"आणि जुनी फिल्म?" मी विचारलं.

"धुवायला जाईल. चांदी निघते तिच्यातून." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बायकांना काही बोलू नकोस, तिमिश."

त्या आठवड्यात एकच फळी मी तीनदा मापली आणि तरी चुकीची कापली.

बायका आल्या. त्यांच्यात थोरली हापका. आल्या आल्या तिनं मोत्रिया कुठं म्हणून विचारलं. लाव्रिननं सांगितलं, बहिणीकडे गेलीय, खेर्सोनला.

हापका माझा शर्ट बघत होती. "बायको बहिणीकडे गेली की नवरा ओळखू येतो. हे बटण कशानं लावलंस रे, हातोडीनं?"

सगळ्या हसल्या. नवी बाई मोत्रियाच्या जागी उभी राहून बाह्या सारत होती. माझ्या हातात झाडू. कॅमेऱ्यामागे लाव्रिन या पायावरून त्या पायावर. मी झाडू फिरवला असता तर फिल्मवरची मोत्रिया धुऊन गेली असती. आणि या बायकांना फसवलं असतं ते वेगळंच.

"मावशी, मोत्रिया गेली," मी म्हणालो. "वीस दिवस झाले."

हापकानं माझ्या हातातला झाडू काढून भिंतीला टेकवला. पिठावर फडकं टाकलं. सगळ्या हात धुवायला निघाल्या. लाव्रिन आडवा गेला. म्हणाला, हे चित्र आहे, इथं कुणाचं लग्न नाही.

"पीठ तर खरं आहे ना, बाबा?" हापका म्हणाली. जाताना तिनं माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला.

लाव्रिन अंगणात कितीतरी वेळ फेऱ्या मारत राहिला. मग माझ्यापाशी येऊन म्हणाला, "माझ्या चित्रपटात खिळा ठोकलास तू." खोटं नव्हतं ते.

शुक्रवारी त्यानं जुनंच दृश्य दाखवलं. कमिटीतल्या एकानं रेघ कसली म्हणून विचारलं. मागच्या भिंतीशी फिरता फिरता लाव्रिन म्हणाला, माझी चूक. चर्चचा प्रसंग काढायला लावून त्यांनी चित्रपट पास केला. त्याला पुढचा मिळाला. माझ्याशी तो शरदापर्यंत बोलला नाही.

ओदेसात चित्रपट अकरा दिवस चालला. मी अकराही दिवस गेलो. सुरुवातीला खुर्चीत बसवायचं नाही, दाराशी उभा राहायचो. मग पडद्यावर रेघ यायची, आणि मोत्रिया आता माझ्याकडे बघणार हे मला कळायचं.