भरल्या ओटीनं

“तिले काई नाई मॅडम, नुसतं डोकं दुखते. झोप येत नाई. एखांदी सुई देऊन टाका,” कौशल्याबाई म्हणाल्या.

प्रश्न प्रणालीला विचारला होता. पण कौशल्याबाईंचं असंच. कुणी पोरीला काही विचारलं की उत्तर त्या देणार. पोरीच्या लग्नाला होकारही त्यांनीच दिला होता.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातली ती समुपदेशनाची खोली. टेबलापलीकडे बसलेल्या ज्योत्स्ना मॅडम प्रणालीच्याच वयाच्या असतील.

“इथं सुई नसते, मावशी. इथं फक्त बोलायचं.”

“बोलाले दर्यापूरवरून इथवर आलो का आमी? बोलाले तर घरीच होतो.”

घरी कोण बोलत होतं! दिवाळीनंतर प्रणाली नवऱ्याचं, नितेशचं अकोल्यातलं घर सोडून कायमची माहेरी आली, तेव्हापासून मायलेकींचं बोलणं भाजी आणि नळाच्या पाण्यापलीकडे गेलं नव्हतं. प्रणाली साड्यांना फॉल-पिको करून देई. दारासमोर मोटारसायकल थांबली की नितेशच आला असं वाटून ती मशीनवरून दचकून उठे. त्यात एका गिऱ्हाइकाची पैठणी फाटली. तेव्हा गल्लीतल्या आशा सेविकेनं, सीमानं, हट्टच धरला आणि इथं पाठवलं.

“मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता?”

“माह्यापासून काय लपवाचं हाये तिले? माय हावो मी तिची.”

“तरी बसा.”

कौशल्याबाई पदर झटकून उठल्या. दार लागलं. मग प्रणालीनं नितेशचं सांगितलं. पट्टा, कुकरचं झाकण, शेजाऱ्यांनी मोठा केलेला टीव्ही. सगळं कोरड्या आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. डोळ्यांत टिपूस आलं नाही आणि छातीवरचं ओझंही तसूभर हललं नाही.

“माहेरी कधी आला नव्हतात?” मॅडमनी विचारलं.

“येत होती ना. दर खेपेले.” आणि इथं तिचा आवाज फाटला.

“हात मोडला तवा आली होती. गळ्यात पट्टी. मायनं गरम गरम खाऊ घातलं, डोक्याले तेल लावलं. मंग पाटावर बसवलं आन् ओटी भरली. एका हातानं मले पदर धरता येईना, गहू सांडले. तं म्हणते, नीट धर, अपशकुन होते. सारे गहू येचले तिनं, पुन्ना पदरात टाकले, पदर कमरेले खोचून देल्ला. आन् अकोल्याच्या गाडीत बसवून देल्लं.”

ती रडू लागली. इतक्या वर्षांचं रडणं होतं, थांबता थांबेना. “त्याचा राग येतेच, मॅडम. पन तो परका होता. हिचा राग आला का मलेच लाज वाटते.”

बाहेर आली तेव्हा कौशल्याबाई बाकावर न बसता दाराशीच उभ्या होत्या. लेकीचे सुजलेले डोळे पाहून घाबरल्या.

“काय सांगतलं वं तिले?”

“तू ओटी भरत होती, थे.”

कौशल्याबाईंना काही कळेना. “त्याच्यात काय वाईट केलं मी? रिकाम्या ओटीनं कशी धाडू लेकराले?”

“धाडाचंच काहून होतं, माय?”

कौशल्याबाई तिथंच उभ्या राहिल्या. दवाखान्याच्या त्या गर्दीत लोक त्यांना धक्के देत जात होते.

बसस्टँडपर्यंत दोघी चालत आल्या. दर्यापूरची गाडी लागली होती. कौशल्याबाईंनी लेकीला खिडकीशी बसू दिलं, स्वतः कडेला बसल्या. गाडी गावाबाहेर पडून कपाशीची शेतं लागली.

“पुढच्या खेपेले,” शेवटी त्या हळूच म्हणाल्या, “मी येऊ का नको?”

प्रणालीनं त्यांच्याकडे पाहिलं. माय एकाएकी म्हातारी दिसत होती.

“ये,” ती म्हणाली. “पन बाहेर बसजो.”

“बसीन,” कौशल्याबाई म्हणाल्या.