छगनची मूठ

सोनगीरच्या तांबट आळीत दिवस उजाडायचा तो हातोड्यांच्या आवाजाने. घराघराच्या ओट्यावर एक माणूस मांडी घालून बसलेला, पुढ्यात हंडा नाहीतर घागर, आणि ठोके. लहानपणी मला डोळे मिटून सांगता यायचं, हा ठोका आमच्या बापाचा आणि हा हिलालनानांचा. बाप हलक्या हाताने ठोकायचा. हिलालनाना, म्हणजे माझे मोठे काका, जोरात ठोकायचे आणि मध्येच थांबून कुणाला तरी शिवी हासडायचे. अजूनही कुठे तांब्यावर ठोका पडला की माझी मान आपोआप तिकडे वळते.

माझ्या बापाचं नाव उखर्डू. हिलालनानांच्या पाठची दोन भावंडं दगावली, म्हणून तिसरा जन्मल्याबरोबर आजीने, यशोदाबाईने, त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलला. टाकाऊ पोर आहे असं समजून देवाने दुर्लक्ष करावं, एवढाच हेतू. हा टाकाऊ पोर पुढे आळीतला सगळ्यात चांगला कारागीर झाला. एका पावसाळ्यात तापलेलं तांबं त्याच्या हातावर आलं, हात सडायला लागला, तेव्हा त्याला धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात नेला. दीड महिन्याने तो बरा हात आणि एक पुस्तक घेऊन परत आला.

१९१६ च्या नाताळात बापाने, आईने आणि मी धुळ्याला बाप्तिस्मा घेतला. मी नऊ वर्षांची होते. छगन, माझा भाऊ, तीन वर्षांचा. त्याला गोवर निघाला होता, म्हणून तो सोनगीरला आजीजवळ राहिला. मिशनचे पाळकसाहेब म्हणाले, "हरकत नाही, पोराचं पुढच्या नाताळात करू." पुढच्या नाताळात पाळकसाहेबच अंथरुणाला खिळले. मग राहूनच गेलं.

आळीने आमचं पाणी बंद केलं, विस्तव बंद केला. पण लोकांना खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बापाने खोटं बोलणं सोडलं. गिऱ्हाईक हंडा उचलून बघायला लागलं की हा आपणहून सांगायचा, "आतून भोक आहे, डाग देऊन बुजवलेलं, सहा महिन्यांत झिरपेल." गिऱ्हाईक हंडा ठेवून पुढच्या ओट्यावर जायचं आणि तिथेही विचारायचं, "डाग दिलेला आहे का?"

हिलालनाना एकदा ओरडले, "उखा, तू खिस्ती व्हयना का येडा व्हयना?"

"नाना, दोन्ही एकच दिशी," बाप म्हणाला. हिलालनानांनाही हसू आलं. त्यांनी ते तोंड फिरवून लपवलं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात. म्हातारा असो, पाळण्यातला असो, परगावी असो, त्याची मूठ पडलीच पाहिजे. त्या पिठाचा रोट फक्त घराण्यातल्यांनी खायचा. परक्याच्या तोंडी घास गेला तर देवी कोपते, आणि मूठ पडली नाही तो पुरुष मेल्यात जमा. बायकांची मूठ नसते.

१९१७ च्या श्रावणात आजी सुपाशी बसली आणि हिलालनाना नावं घेऊ लागले. मी त्यांच्या घराच्या भिंतीबाहेर उभी राहून ऐकत होते. आधी त्यांचं स्वतःचं नाव, मग त्यांच्या दोन मुलांची, मग चुलत्यांची. माझ्या बापाचं नाव आलं नाही. आजीचा हात थांबला असावा, कारण हिलालनाना म्हणाले, "माय, मरेल माणूसनी मूठ टाकतस का? पुढे चाल." मग थोडं थांबून, "छगन उखर्डू," आणि गहू पडल्याचा आवाज.

मी धावत येऊन बापाला सांगितलं. त्याने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "चला, त्यासना सव्वा मूठ गहू वाचना." पण त्या दिवशी त्याने पुन्हा हातोडी उचलली नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस धड झाला नाही, आणि दसऱ्याच्या सुमाराला मानमोडीच्या तापाची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. आळीतले ठोके एकेक करून बंद पडले. हिलालनानांचा थोरला गेला, आणि आठवड्याच्या आत धाकटा. दोघंही मिसरूड फुटायच्या आतले. धाकटा गेला त्याच सकाळी माझा बापही गेला.

धुळ्याला निरोप कोण नेणार? तिथेही माणसं पटापट मरत होती. आई, मंजुळाबाई, दारोदार फिरली. कुणी दार उघडलं नाही. ज्यांनी उघडलं, त्यांच्या घरात आधीच एक मढं होतं. शेवटी तिने आणि मी बापाला गोणपाटावर घेतला आणि दोन टोकं धरून नाल्यापर्यंत ओढत नेला. त्याचे पाय जमिनीला घासत होते. मी दर दहा पावलांवर थांबून ते आत घेत होते. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे ठकू, आते लागत नई त्याले."

जमीन दगडासारखी. दुपार टळेपर्यंत गुडघाभर खड्डा झाला. त्यातच त्याला ठेवला आणि कोल्ह्यांच्या भीतीने वर दगड रचले. पाठ असलेली एकच प्रार्थना आई मोठ्याने म्हणाली. निम्म्यात तिचा आवाज बसला, तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि पूर्ण करूनच उठली.

त्यानंतर आठव्या दिवशी हिलालनाना आले. बरोबर आजी होती आणि आळीचे तीन पंच. ते ओट्याखाली उभे राहिले. हिलालनानांचे डोळे सुजलेले होते. आठ दिवसांत हा माणूस अर्धा झाला होता.

एक पंच म्हणाला, "मंजुळाबाई, देवी कोपेल शे. या घराण्यानी मूठमा कोनी परका मिसळना, असं भगत सांगस."

मग हिलालनाना बोलले. "एकच इचारस. छगनना डोकावर तुमनं पानी पडनं का नई?"

प्रश्न सगळ्यांना कळला होता, मलासुद्धा. छगनचा बाप्तिस्मा झालेला असेल तर तो परका. त्याची मूठ टाकून घराण्याने स्वतःच अपराध केला, त्याच्यापायी दोन पोरं गेली. मग त्याचं नाव काढायचं, प्रायश्चित्त घ्यायचं, आणि हे बाटगं पोर आईच्या पदरात ठेवून पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही. पण बाप्तिस्मा झालेला नसेल, तर तो या घरात उरलेला एकुलता एक दिवा. त्याला आता इथून उचलून न्यायचा.

छगन उंबऱ्यात बसून शेंगा खात होता.

मी पुढे झाले आणि म्हणाले, "पडनं. नाताळले. मी सोता देखं."

हिलालनानांनी डोळे मिटले. आजीने पदर तोंडात कोंबला. माझ्या मनात आलं, झालं, जातील आता.

हिलालनाना आईकडे वळले. "पोरगीनं खरं नको माले. तू सांग. तुमी लोक खोटं बोलत नई ना? मना भाऊ बठ्ठा धंदा बुडाई बसना त्याकरता. तुना पुस्तकवर हात ठेव आनि सांग."

मी आईकडे बघत होते. हो म्हणून मान हलव, एवढंच मनात म्हणत होते. तिच्या ओठांवर पापुद्रे आले होते, तेही मला दिसत होते. ती आत गेली, पुस्तक घेऊन आली, पण त्यावर हात ठेवला नाही. ते नुसतं छातीशी धरलं.

"नई पडनं," ती म्हणाली. "पोर खोटं बोलनी. त्याले गोवर व्हता."

एका पंचाला हसू फुटलं. "अरे, ही ते उखावरबी कडी व्हयनी!"

आजी मात्र रडत ओट्यावर चढली. आठ दिवसांत पहिल्यांदाच कुणी आमच्या ओट्यावर चढलं होतं. तिने आईच्या पायाजवळ बसून सांगितलं, "मंजुळा, तू बी चाल. पुस्तक चुल्हामा टाक, नवरानी फसाडं म्हन. तुना पोर्‍या तुनाच मांडीवर ऱ्हाई. मी सांगस ना या पंचसले."

आईने मान हलवली, नाही म्हणून.

हिलालनानांनी छगनला उचलून खांद्यावर घेतला. त्याला वाटलं, जत्रेला चाललो. त्याने वरून विचारलं, "माय, तू येस ना?" तेवढ्यात एका पंचाने माझ्याकडे बोट केलं. हिलालनाना मागे न बघता म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या मायपाशी. पोरगीनी मूठ नसस."

आळीच्या टोकाला जाईपर्यंत छगन आनंदात होता. आई मागून येत नाही हे कळल्यावर त्याने हंबरडा फोडला, तो आम्हाला बराच वेळ ऐकू येत होता. आई दाराची कडी धरून उभी होती. मी तिला मारलं. दोन्ही मुठींनी, पाठीवर, जेवढा जोर होता तेवढा. तिने मला थांबवलं नाही.

आम्ही धुळ्याला मिशनमध्ये आलो. आई दवाखान्यात जखमा धुण्याच्या कामाला लागली, मी शाळेत. दर महिन्याला एकदा, बाजाराच्या दिवशी, ती आग्रा रोडने बारा मैल चालून सोनगीरला जायची. मलाही न्यायची. आळीत पाय ठेवायची बंदी होती, म्हणून टोकाच्या पिंपळाखाली उभं राहायचं. पहिल्या खेपेला छगन धावत सुटला, त्याला ओढून आत नेला आणि दार लावून मारल्याचा आवाज आला. दुसऱ्या खेपेलाही तसंच. मग तो धावेनासा झाला. वर्षभरात तो आम्हाला बघून इतर पोरांबरोबर ओरडायला शिकला, "बाटगी उनी! बाटगी उनी!"

एकदा त्याने ढेकूळ भिरकावलं. ते आईच्या कपाळाला लागलं आणि फुटलं. आईने पदराने माती झटकली, आणि तिथूनच मोठ्याने म्हणाली, "नेम चांगला शे रे भाऊ!"

परतीच्या रस्त्यावर ती मैलाच्या दगडावर बसली आणि अशी रडली की येणाऱ्या बैलगाड्या थांबल्या. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले, छगनचं नाव घेऊन प्रार्थना केली, हिलालनानांचंही नाव घेतलं, आणि चालायला लागली. मी तिच्यापासून दहा पावलं मागे चालत होते. तिची प्रार्थना मला चीड आणायची. ज्या देवापायी पोरगा गेला, त्याच्याच पुढ्यात ही रोज सकाळी गुडघे टेकायची, आणि उठली की तिच्या अंगात दिवसभराचं बळ आलेलं असायचं. ते कुठून येतं हे मला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

१९३१ च्या उन्हाळ्यात मी त्याच दवाखान्यात नर्स होते. एके दुपारी रांगेत एक तरणाबांड तांबट उभा दिसला. पत्र्याने तळहात कापलेला, हात कोपरापर्यंत सुजलेला. मी त्याला ओळखलं नाही. आईने ओळखलं. तिने त्याला स्टुलावर बसवला, हात कोमट पाण्यात धरला आणि पू काढायला लागली. चांगलीच वेदना होत असणार, पण तो हू की चू करत नव्हता. खाली मान घालून तिच्या बोटांकडे बघत होता.

पट्टी बांधून होत आली तेव्हा म्हणाला, "माले बठ्ठं सांगेल शे. आजी मरताना सांगी गई. एक खोटं बोलती ते मी तुनापाशी ऱ्हाता."

"हां," आई म्हणाली.

"मंग का नई बोलनी?"

हा प्रश्न मी तेरा वर्षांत विचारला नव्हता. मी हातातली बाटली तशीच धरून उभी राहिले.

आईची भाषा एवढ्या वर्षांत मिशनच्या मराठीत मिसळून गेली होती. ती पट्टीची गाठ मारत म्हणाली, "तुझ्या बापाला पुरून सात दिवस झाले होते. आळीत मला कुणी पाणी देत नव्हतं. हाक मारायला एकटा देवच राहिला होता. खोटं बोलले असते तर तू मिळाला असतास, पण त्याला पुन्हा हाक मारायचं तोंड मला उरलं नसतं. आणि त्याच्याशिवाय मी तुला सांभाळू शकले असते असं मला वाटत नव्हतं. तेव्हाही नाही, आजही नाही."

छगन म्हणाला, "म्हनजे तू देव धरा आनि पोर्‍या सोडा."

मला वाटलं ती समजावेल. रडेल. त्याचे पाय धरेल.

"हां," ती म्हणाली. "तसंच झालं."

तो उठला. मी पुढे होऊन म्हटलं, "छगन, मी ठकू. बस जरा. भाकर खाऊन जा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू बोलनी व्हती खोटं, हाई बी आजीनं सांगं," तो म्हणाला. त्याचा चेहरा क्षणभर पाच वर्षांच्या पोरासारखा झाला. "पन भाकर नको. तुमना हातनी चालत नई." आणि तो उन्हात निघून गेला. पट्टी बदलायला तिसऱ्या दिवशी यायला हवं होतं. तो आला नाही. पुढे कधीच आला नाही.

आई दारापर्यंतही गेली नाही. तिने दोन्ही हात स्टुलावर टेकले आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, पण हात इतके थरथरत होते की स्टूल फरशीवर वाजत होतं. मी पहिल्यांदाच तिच्या शेजारी गुडघे टेकले. देवासाठी नाही, तिला धरायला म्हणून. हळूहळू स्टूल वाजायचं थांबलं.

मग तिने भांड्यातलं घाण पाणी ओतून दिलं, नवं भरलं, आणि रांगेकडे बघून म्हणाली, "पुढचा कोण आहे? या, बसा."